शंकरनानांची मंडळी

शंकरनाना रोज सकाळी माझ्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत नाक घालायचे आणि निदान सांगायचे. "काल भात करपला व्हय?" नाहीतर, "चार दिस झालं, भाजीचं देठ न्हाई. निस्त्या बिस्किटांवर जगतुयास."

नोकरीसाठी लातूरहून येऊन मी कंपन्यांना लागून असलेल्या माण गावात त्यांची खोली घेतली होती. खिडकी बदला म्हणा, नळ दुरुस्त करा म्हणा, नानांचं उत्तर एकच : "मंडळींना इचारून सांगतो." महिनाभर मी नानी कधी दिसतात याची वाट पाहिली. मग कळलं, नानी जाऊन सहा वर्षं झाली. मंडळी म्हणजे घरामागच्या पत्र्याखाली पाळलेली गांडुळं.

गावात भाडेकरू वाढले तसा सगळ्यांचा कचरा मागच्या ओढ्यात पडू लागला. म्हशी पाण्याला तोंड लावेनात, तेव्हा नानांनी हा धंदा काढला. घरोघरच्या बादल्या गोळा करायच्या, गांडुळांना खाऊ घालायच्या, खत पोत्यांत भरून विकायचं. गाव हसलं. पण ओढ्याचा वास गेला, आणि रस्त्यापलीकडच्या कंपनीने बागेसाठी पन्नास पोती मागवली.

नेमकं त्याच आठवड्यात मी मोरी धुऊन फिनेलचं पाणी चुकून बादलीत ओतलं. नानांना सर्दी होती.

दुपारी गांडुळं वाफ्याबाहेर येऊन तडफडू लागली. मी कबूल केलं. नाना ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "फावडं घे," एवढंच म्हणाले. बिघडलेला भाग आम्ही उपसून काढला, जिवंत होती ती एकेक उचलून नव्या शेणात ठेवली, वर ओलं गोणपाट टाकलं.

सकाळी नानांची हाक आली. "ये रं! खाली गेलीत समदी! खायला लागली!"

मी तिथेच मटकन खाली बसलो. शेणात.

पोती वेळेवर गेली. टेम्पोत मीही होतो. माळ्याने ती फाटकाजवळ उतरवायला सांगितली. नाना मात्र एक पाठीवर घेऊन थेट हिरवळीच्या टोकाला गेले, चपला काढून उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी खत पसरू लागले.

"नाना, त्याला माळी आहे ना."

"व्हय." त्यांनी मान वर केली नाही. "हितं इंद्रायणी भात लावायचो आमी दोघं. कंपनीला जमीन दिली, त्या दिसापासनं हितं पाय ठिवला न्हवता."

रखवालदार हटकायला निघाला. माळ्यानेच त्याला हाताने थांबवलं.