सरळ पेटी, वाकडी पेटी

जुन्या मशीनगन ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी जन्माला यायचाय! निदान गेल्या रविवारपर्यंत मी तसं समजत होतो.

युद्धसंग्रहालयात लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. तिथल्या एका काचेच्या कपाटात दोन हलक्या मशीनगन शेजारी शेजारी ठेवलेल्या: झेडबी आणि ब्रेन. झेडबी आई, ब्रेन तिची लेक. चेहरेपट्टी अगदी तीच! पण माझ्याकडे गुरुकिल्ली होती. गोळ्यांची पेटी सरळ असली की झेडबी, वाकडी असली की ब्रेन. संपलं! पेट्या काढून ज्या त्या गनपुढे मांडलेल्या असत.

सोमवारी मी कपाट रिकामं करून लख्ख पुसलं. मंगळवारी बघतो तर काय, पाट्या उलट्या! वाकड्या पेटीशेजारी 'झेडबी'! वीस वर्षं हा घोळ कुणालाच दिसला नव्हता! मी पाट्यांची अदलाबदल केली आणि तडक साहेबांकडे गेलो. साहेब इतके खूश की रविवारी निवृत्त सैनिकांसमोर मला प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलं.

आठवडाभर जेवताना माझा पट्टा सुरू. "ज्या गाढवानं त्या पाट्या लिहिल्या, त्यानं बंदूक चित्रात तरी पाहिली होती का?"

बायको डोळे वटारायची. सासरे खाली मान घालून जेवायचे. त्यांनी फौजेत दहा वर्षं ब्रेन खांद्यावर वाहिलेली. मला वाटलं, जावयाची हुशारी बघून भारावलेत!

रविवारी प्रशस्तिपत्र हातात पडणार, तोच सासरे कपाटापाशी वाकले.

"जावईबापू, झेडबीच्या नळीवर अशा चकत्या असतात, नळी लवकर निवावी म्हणून. ब्रेनची नळी गुळगुळीत. तुमच्या 'ब्रेन'ला चकत्या कशा?"

"पण बाबा, पेटी..."

"पेटी उचलून कुठेही ठेवता येते. पुसताना कुणी उचलल्या होत्या?"

साहेबांनी विचारलं, "म्हणजे जुन्या पाट्या बरोबर होत्या?"

"हो. वीस वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी विचारलं, तेव्हा मीच लिहून दिल्या होत्या," सासरे म्हणाले.

"बाबा, मग घरी बोलला का नाहीत?"

"वाटलं, वय झालं, चुकलो असेन. दहा वर्षं खांद्यावर वाहिलेली गनच विसरलो की काय, या विचारानं आठवडाभर घास उतरत नव्हता. म्हणून आज मुद्दाम बघायला आलो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! मी सगळ्यांसमोर त्यांचे पाय धरले. साहेबांनी प्रशस्तिपत्र वाया घालवलं नाही. माझं नाव खोडून त्यावर सासऱ्यांचं लिहिलं, आणि खोडायलाही मलाच लावलं!

आता ते माझ्या ताटासमोरच्या भिंतीवर टांगलंय. खोडलेलं नाव अजून स्पष्ट वाचता येतं. जेवताना मी तोंड फक्त घासापुरतं उघडतो.