सरपंच आत, बाकीचे बाहेर

पिंपरी पेंढारच्या सरपंच साळुबाई होत्या आणि सरपंचकी हौशीराम करत होते. हौशीराम म्हणजे साळुबाईंचे यजमान. जागा बायकांसाठी राखीव निघाली, म्हणून फॉर्मवर बायकोचं नाव गेलं. खुर्ची, भाषणं आणि हार-नारळ हौशीरामांकडंच राहिले. यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. साळुबाईंना काय वाटतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

गावात खेळाचं मैदान करायचं ठरलं आणि मुंबईच्या एका क्रीडा संस्थेचं पत्र आलं. मोठं क्रिकेट स्टेडियम आतून बघा, मैदान कसं तयार होतं ते समजून घ्या, असं आमंत्रण होतं. हौशीरामांनी लगेच अभ्यास दौरा काढला. सोबत उपसरपंच दादाभाऊ आणि अहवाल लिहायला ग्रामसेवक रखमाजी. दादाभाऊंनी मोबाईलवर कुलाब्यातली एक गल्ली शोधून ठेवली.

"स्टेडियम तासाभरात उरकू," ते म्हणाले. "मंग इटालियन. त्या गल्लीत तीन हाटेलं हायेत. मुंबईला जाऊन मिसळ खाल्ली तर लोक काय म्हणतील?"

साळुबाईंना समुद्र बघायचा होता, म्हणून त्या गाडीत मागं बसल्या.

स्टेडियमच्या गेटवर हौशीरामांनी पत्र पुढं केलं. रक्षकानं ते वाचलं, त्यांच्याकडं बघितलं, परत वाचलं.

"साळुबाई कोण?"

"आमच्या मिसेस. पण सरपंचाचं सगळं मीच बघतो."

"पत्रातला पास त्यांच्या नावाचा आहे. एकाच माणसाचा."

"आवो, त्यांना क्रिकेटमधलं काय कळतंय?"

"ते मला माहीत नाही. त्यांचं आधार कार्ड द्या."

हौशीरामांनी एका पुढाऱ्याला फोन लावला. "बघतो" म्हणून पुढाऱ्यानं फोन बंदच केला. दादाभाऊंनी "भाऊ, तुमी कुठले?" असं विचारून पाहिलं. रक्षक सोलापूरचा निघाला, नियम मात्र मुंबईचेच निघाले. शेवटी गाडीचं मागचं दार उघडलं.

"जरा आत जाऊन ये," हौशीराम म्हणाले. "काय बोलू नको. फोटो तेवढे काढ."

साळुबाई पदर सावरून आत गेल्या.

ऊन तापलं तसं तिघांनी ठरवलं, अभ्यास हुकला तर हुकला, जेवण तरी वेळेवर व्हावं. हॉटेलातल्या मेनू कार्डावरचं एकही नाव ओळखीचं नव्हतं. रखमाजींनी यादीतलं पहिलं मागवलं. त्या भाताला रिसोटो म्हणतात, असं वेटरनं सांगितलं. हौशीरामांनी घास घेतला.

"भात कच्चा हाये."

"सर, तो असाच असतो."

"आमाला भात कळत न्हाई व्हय?"

भात स्वयंपाकघरात परत गेला आणि तसाच बाहेर आला. तिसऱ्यांदा परत पाठवला तेव्हा मोठे आचारी स्वतः आले. त्यांनी दहा मिनिटं इंग्रजीत समजावून सांगितलं. तिघांनी मान डोलावली आणि दही मागितलं. आचारी आत गेले ते परत आले नाहीत. मग मागवलेला पिझ्झा आला तोवर तिघांची भूक मेली होती.

तीन वाजता साळुबाईंचा फोन आला. गेटवर त्यांना सोडायला मैदानाचे म्हातारे मुकादम आले होते. साळुबाईंच्या हाताला माती लागली होती.

"फोटो काढले का?" हौशीरामांनी विचारलं.

"राह्यलं. ते मातीचे थर दाखवीत व्हते."

"दिवसभर आत ऱ्हाऊन एक फोटो न्हाई?" हौशीराम कपाळाला हात लावून बसले. समुद्र काचेतूनच दाखवून गाडी परत फिरली.

ग्रामसभेत हौशीरामांनी दौऱ्यावर झकास भाषण केलं आणि मैदान ओढ्याकडेला होईल असं जाहीर केलं. त्या निमित्तानं रस्ता थेट त्यांच्या टोमॅटोच्या शेतापर्यंत येणार होता. कबड्डी खेळणारी श्रेया उठली.

"काका, ओढ्याकडं पाणी साचतं. स्टेडियमवर पाण्याचं काय करतात?"

"तिथं लई मोठी व्यवस्था हाये."

"कसली?"

हौशीरामांनी दादाभाऊंकडं पाहिलं, दादाभाऊंनी रखमाजींकडं. रखमाजी कागद शोधू लागले.

"खाली जाड खडी," साळुबाई म्हणाल्या. ग्रामसभेत त्यांचा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. त्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. "वर बारीक खडी, मग वाळू, मग माती. मधी उंच, कडंला उतार. पण उतरलेलं पाणी जायला खाली जागा पायजे. ओढ्याकडं ती न्हाई. शाळंमागचा माळ घ्या. आन् पोरींना कपडे बदलायला खोली बांधा."

मागच्या बायकांनी आधी हात वर केले. मग त्यांच्याकडं बघत पुरुषांनी.

रखमाजींनी दौऱ्याचा अहवाल लिहिलेलं रजिस्टर सहीला पुढं केलं. एरवी त्या न वाचताच सही करायच्या. आज त्यांनी चष्मा लावला आणि दोन्ही पानं वाचली.

"भाऊसाहेब, इथं लिवलंय चौघांनी पाहणी केली. आत तर मी एकटीच व्हते."

"मग आमचं काय लिहू, मॅडम?"

साळुबाईंनी सांगितलं आणि रखमाजींनी ते खाली मान घालून उतरवून घेतलं: 'सरपंचांनी स्टेडियमची सविस्तर पाहणी केली. उर्वरित तिघांनी बाहेर थांबून मोलाचे सहकार्य केले.'