पट सव्वीस, हजर एकतीस

शाळा सोडून गेलेल्या मुलांचीही हजेरी घेणारा शिक्षक मी आयुष्यात एकच पाहिला, आमचे चित्रकलेचे निंबा सर. नाव पुकारायचं, पेन थांबवायचं, मागच्या बाकाकडे बघायचं, तिकडून काहीतरी ऐकू आल्यासारखी मान हलवायची आणि मग पुढचं नाव. पुढे बसलेल्या मुलांपैकी कुणी हसायचं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी संगमनेरची. गणित शिकवायला शहाद्याजवळ, लोणखेड्याच्या अलीकडे एका माध्यमिक शाळेत लागले. निम्मी मुलं सपाटीवरच्या शेतकऱ्यांची, निम्मी सातपुड्यातल्या पाड्यांवरची, वसतिगृहात राहणारी. दिवाळी झाली की डोंगरातली काही मुलं आईबापांबरोबर गुजरातला ऊसतोडीला जायची. बरीचशी परत यायची. काही यायची नाहीत. वर्ष-सहा महिने वाट बघून त्यांची नावं पटावरून कमी व्हायची. निंबा सर मात्र स्वतःच्या वहीतून ती कमी करायचे नाहीत.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात, सर आलेले नाहीत असं समजून, मला त्यांच्या वर्गावर ऑफ तास दिला गेला. चित्रकलेची खोली शाळेच्या अगदी टोकाला. खिडक्यांना गोणपाटाचे पडदे, भर दुपारी आत संध्याकाळ झालेली. समोरचे बाक रिकामे. मागे मात्र पाच जण गणवेशात बसलेले, अगदी ताठ.

"बाकीचे कुठे गेले?" मी विचारलं.

उत्तर नाही.

"शिक्षक आल्यावर उभं राहायची पद्धत नाही का इथे?"

कुणी हललं नाही. दोन वेण्या घातलेली एक मुलगी तर सरळ माझ्याकडेच बघत होती, पापणीही न हलवता. नवीन शिक्षकाला छळायचा हा प्रकार मला माहीत होता. मी तरातरा गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा कोरडा, चपटा, हलका. तेवढ्यात पंख्याचा वारा लागला आणि तिची मान हळूच माझ्याकडे वळली.

माझी किंकाळी हेडसरांच्या केबिनपर्यंत गेली म्हणतात. निंबा सर बाहेर निंबाच्याच झाडाखाली मुलांना झाड काढायला बसवून उभे होते. ते धावत आले, माझ्याकडे बघितलंही नाही, आधी त्या मुलीची मान सरळ केली.

"मॅडम, हळू. दचकी जातीन त्या," ते म्हणाले.

कूलर आणि फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे. शहाद्याच्या दुकानांतून मागून आणलेले. त्यावर मापात काढलेलं मूल, वर खरा जुना गणवेश, कमरेत वाकवून बाकावर बसवलेलं. चेहऱ्यावर पोस्टर कलर इतका बारीक लावलेला की हातभर अंतरावरूनही घाम आल्यासारखा वाटावा.

"ही कोण?" मी विचारलं.

"रमिला. आठवीमा व्हती. बठेल शे ना," सर म्हणाले. बसली आहे ना, यात विचारण्यासारखं काय, असा सूर.

माणूस दिसायला अगदी साधा. पन्नाशीचा, बुटका, शर्टाच्या खिशात चार पेन्सिली आणि एक ब्लेड. शिकवण्याची तऱ्हा मात्र जगावेगळी. टेबलावर पपई ठेवायचे. मुलांनी दहा मिनिटं नुसतं बघायचं, मग डोळे मिटायचे. डोळे उघडल्यावर पपई गायब. "आते काढा," सर म्हणायचे. "समोर शे ते कोनी बी काढस. जे गयं ते काढा." पपई कुठे गेली हे सरांच्या मिशीवरून कळायचं. तास संपला की उरलेल्या फोडी मुलांना मिळायच्या. एलिमेंटरी परीक्षेत आमच्या शाळेचं स्मरणचित्र म्हणूनच चांगलं व्हायचं, अशी माझी समजूत आहे.

मी त्या खोलीत जायचं टाळायचे. शिपाई सुकाभाऊ तर दारातूनच झाडू फिरवायचा. "मॅडम, त्या पोरी मन्हाकडे देखतस," तो मला कानात सांगायचा. मी त्याला अंधश्रद्धेवर चार शब्द ऐकवले आणि स्वतः वळसा घालून स्टाफरूमला गेले.

पण एकदा होळीच्या सुमारास जाणं भागच पडलं. माझी कंपासपेटी मुलं तिथे विसरून आली होती. दारातच माझे पाय थांबले. रमिलाचा चेहरा बदललेला होता. जूनमध्ये गोल होता, आता जरा लांबट झाला होता. गालाचं हाड वर आलं होतं, गणवेशाची बाही मनगटाच्या वर सरकली होती. उरलेले चौघंही थोडेथोडे वेगळे दिसत होते. पुठ्ठ्यातली मुलं मोठी होत होती.

मी सरांना गाठलंच. ते शांतपणे पेन्सिलीला टोक काढत राहिले.

"पोर कोठे बी ऱ्हावो, वाढस का नई?"

"अहो, पण तुम्हाला कसं कळतं कशी वाढली असेल ते?"

"बापना कान, मायनी हनुवटी. दाखल्याना दिवशी दोन्हीसले देखी लिधं व्हतं."

म्हणजे मूल शाळेत घालायला आईबाप आले की हे कोपऱ्यात उभं राहून त्यांचे चेहरे पाठ करायचे. तेवढ्यानं भागत नसे. बाजाराच्या दिवशी शहाद्याच्या जीप स्टँडवर बसून वर डोंगरात धडगावकडे जाणाऱ्या माणसांचे चेहरे बघत राहायचे, कुठल्या वयात गाल कधी बसतो, कपाळाला पहिली आठी कधी पडते ते. एकदा एका गृहस्थाच्या कानाकडे इतका वेळ बघितलं की त्यानं यांची कॉलर धरली. "भाऊ, तुन्हा कान भलता भारी शे," असं हे म्हणाल्यावर तर लोकांना मध्ये पडून दोघांना सोडवावं लागलं.

खरा प्रसंग पाहणीच्या दिवशी घडला. तालुक्याचे साहेब आले, दारातून वर्ग न्याहाळला, मनातल्या मनात मोजलं आणि कागदावर लिहिलं: पट सव्वीस, हजर एकतीस. वर हेडसरांना म्हणाले, "मागची मुलं फार शिस्तीची आहेत." हेडसरांनी घाम पुसत ते खरं असल्याचं सांगितलं. चहा पिताना साहेबांनी बेरीज पुन्हा बघितली, मग उठून खोलीत गेले. बाहेर आले ते सरळ जीपमध्ये जाऊन बसले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी हुकूम काढला, पुठ्ठे शनिवारपर्यंत भंगारच्या खोलीत. निंबा सरांनी वाचून सही केली. बोलली ती मुलं. वसतिगृहातल्या दोन मुली माझ्याकडे आल्या. "मॅडम, भंगारच्या खोलीत पाणी गळतं. रमिला भिजेल," एक म्हणाली. दुसरीनं रमिलाच्या वेणीला स्वतःची नवी रिबीन बांधली होती. मी गणिताची शिक्षिका. मी हेडसरांकडे जाऊन, ती 'शैक्षणिक साधनं' आहेत असं एक पानभर लिहून दिलं. का दिलं, ते माझं मलाच ठाऊक नाही.

पुठ्ठे राहिले. आणखी एक वर्ष गेलं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात एक माणूस ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला. रमिलाचा बाप, दित्या पावरा. धडगावच्या वरच्या पाड्यावरून आलेला. त्याला मुलीचा फोटो हवा होता. घरी एकही नव्हता, मोबाईलमधला होता तो मोबाईलबरोबर गेला. क्लार्कनं प्रवेशाचा अर्ज काढला. वाळवीनं फोटोचा नेमका चेहरा खाल्लेला.

"कशाला हवाय फोटो?" मी विचारलं.

"पोरगी वारली, बाई. पहिल्याच हंगामात. तिकडे उसात ताप भरला, डोक्यात गेला." तो अगदी सावकाश बोलत होता, शाळेतली मराठी जपून वापरत. "तिची आई म्हणते, पोरगी सपनात येते पण तोंड नसतं. पाठ दिसते, हात दिसतात. तोंड आठवत नाही तिला. म्हणून आलो."

निंबा सर दारात उभे होते. त्याच सकाळी त्यांनी रमिलाची हजेरी घेतली होती, मी ऐकली होती. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग दित्याचा हात धरून त्याला खोलीकडे नेलं.

दित्या आत गेला आणि जागीच थांबला. मग पुढे होऊन मुलीशेजारी बाकावर बसला. बराच वेळ दोघं शेजारी शेजारी, एकसारख्या कानांचे.

"ही तर माझी बहीण," तो शेवटी म्हणाला. "लग्नाआधी अशीच दिसायची. तुम्ही कुठे पाहिली तिला?"

सरांनी त्याच्या बहिणीला कधीच पाहिलं नव्हतं.  सर त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

"भाऊ, मी चुकनू. माले माहीत नव्हतं. मी तिले मोठी करी ऱ्हायनू व्हतू."

"मोठी झाली ती," दित्या म्हणाला. "इथं झाली."

तो तिला घेऊन गेला. जीपवाल्यानं पुठ्ठा टपावर टाकायला सांगितलं तर यानं नकार दिला आणि तिला मांडीवर घेऊन बसला. शेजारची बाई सरकून बसली.

पावसाळ्यानंतर निरोप आला, मास्तरांना वर बोलावलंय, मुलीच्या आईनं. सर माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही चला. बाई माणूस शे, मी काय बोलू?" मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं पाहिलं.

धडगावपर्यंत जीप, पुढे तासभर चढ. घरात धान्याच्या कणगीशेजारी रमिला भिंतीला टेकून बसली होती. आई आमच्याकडे न बघता तिच्याकडे बोट दाखवून पावरी बोलीत बोलू लागली. दित्या मराठीत सांगत गेला.

"ती म्हणते, ही माझी नाही. नाक असं नव्हतं. बसकं होतं. चित्र चुकलेलं बघितलं आणि तिला खरं आठवलं. म्हणते, एवढी मोठी ती झालीच नाही. लहान काढा."

इतकी वर्षं हा माणूस मुलांना फक्त मोठं करत आला होता. त्यांनी मान खाली घातली, पिशवीतून कोरा कागद काढला, ड्रॉइंग बोर्डाला चिमटा लावला. वर्गात कुणाच्याही चित्रावर लाल पेन्सिल मारणारे सर आईपुढे विद्यार्थ्यासारखे बसले. ती सांगायची, हे काढायचे. ती नको म्हणायची, हे खोडायचे. भुवया विरळ. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. हनुवटीवर पडल्याची खूण. सकाळची दुपार झाली. कागद दोनदा फाटला, तिसरा घेतला. गाल पुन्हा गोल झाले. तेरा वर्षांची रमिला हळूहळू कागदावर येत गेली, आणि मला वाटलं आता ती पापणी हलवेल.

आई पुढे सरकली. बोट कागदाला न लावता तिनं नाकावरून, दातावरून फिरवलं. मग एकच शब्द बोलली. तो मात्र दित्यानं मराठीत सांगितला नाही, तोंड फिरवून बाहेर बघत राहिला.

ती उठली, चुलीवर ज्वारीच्या भाकरी टाकल्या, आम्हाला वाढलं. जेवताना तिनं सरांकडे बघून काहीतरी विचारलं.

"विचारते, मास्तरांच्या घरी कोण कोण आहे?" दित्या म्हणाला.

दोन वर्षांहून जास्त काळ मी या माणसाबरोबर नोकरी करत होते. हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता. सरांनी घास तसाच हातात धरला.

"कोनी नई," ते म्हणाले. "मी एकला."

दित्याला ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं सरांच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली आणि ती संपेपर्यंत त्यांच्या समोरून उठली नाही.