दाब! सोड!

"ब्रेक? त्यात काय एवढं! तासाभराचं काम!" असं उस्तादांनी जाहीर केलं आणि बायकोने कपाळाला हात लावला.

घरसामान वाहून द्यायचा धंदा करणाऱ्या या गृहस्थांना सगळे उस्ताद म्हणत. तसं म्हणवून घ्यायला सुरुवात त्यांनीच केली होती. त्यांचा दणकट पिकअप लेकीपेक्षाही वयाने मोठा. दोन-दोन लोखंडी कपाटं एका दमात वाहायचा, पण हल्ली ब्रेक दाबला की पेडल थेट तळाला! आणि संध्याकाळी लेकीच्या शिवणकामाच्या दुकानाचं उद्घाटन. कापड बेतायचं भलंमोठं टेबल तिथे पोचवायचं होतं.

"ब्रेकच्या तेलाच्या पाइपात हवा शिरलीय, काढून टाकू," उस्ताद गाडीखाली सरपटत म्हणाले. "मी 'दाब' म्हटलं की पेडल दाबून धर. मी नट सैल केला की हवा बाहेर. नट आवळून 'सोड' म्हणेन, तेव्हाच सोड. आधी सोडलंस तर हवा परत आत!"

"दाब!"

बायकोने दाबलं. नेमकी त्याच वेळी शेजारणीची चप्पल तिच्या कुत्र्याने पळवली.

"सोड! सोड म्हटलं ना!"

बायकोने सोडलं. असं चार वेळा झालं. कुत्रा चिवट होता!

मग चाचणी. बायकोला शेजारी बसवून कोपऱ्यावरच्या उतारावर उस्तादांनी ऐटीत ब्रेक दाबला. पेडल तळाला! हँडब्रेक ओढला, तर केबल तुटून तो हातातच आला!

"अहो, थांबवा!"

"तेच तर करतोय!"

पाहुण्याने सोफ्यात बसावं तसा पिकअप बांधकामाच्या वाळूच्या ढिगात जाऊन बसला.

"लागलं का गं?"

"नाही. तुम्हीच 'सोड सोड' ओरडत होतात ना?"

"मी? एकदाही नाही!"

दोघांनी वळून शेजारणीच्या कुत्र्याकडे पाहिलं. उस्तादांना हसू मात्र आलं नाही. "टेबल चढवलेलं असतं, लेक शेजारी असती, तर?"

बायको उतरून गाडीखाली वाकली. "अहो, उडालेली बाकी सगळी वाळू गळून पडली. मागच्या चाकाजवळच्या या पाइपालाच कशी चिकटलीय?"

उस्तादांनी बोट लावलं. ओलं! पाइप गंजून तेल झिरपत होतं, आणि ते नुसती हवा काढत बसले होते!

पहिल्यांदाच उस्तादांनी गॅरेजवाल्याला फोन लावला. तो नवा पाइप आणि हँडब्रेकची केबल घेऊनच आला. "गळती सापडली? मग अर्धं काम झालंच की!" म्हणाला. दोन्ही बसवून हवा पुन्हा काढली. यावेळी कुत्रा घरात कोंडून. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

टेबल चढवून दोघं निघाली. उस्तादांना मांजर दिसलं, ब्रेक मारला. विजेचा खांब दिसला, ब्रेक मारला. काहीच दिसलं नाही, तरी मारला. गाडी प्रत्येक वेळी जागच्या जागी उभी! समोर दुकानाच्या दारात लेक दोन्ही हात हलवत होती.

"पाहिलंस?" उस्तादांनी छाती फुगवली.

"पाहिलं हो! उभी राहते, कळलं सगळ्या रस्त्याला," बायको म्हणाली. "आता जरा चालवा पण!"