पिवळ्याचा खोकला

मुलाला एकही प्रश्न विचारायचा नाही, असं रशिदाने सरदारभाईंना सकाळपासून तीनदा बजावलं होतं. याआधी शहिस्तासाठी चार स्थळं आली होती आणि चारही सरदारभाईंच्या चौकशीला कंटाळून जिना उतरून गेली होती. एकाला त्यांनी हसला कशाला म्हणून विचारलं. दुसरा भोळेपणाने म्हणाला, की मुलीला मी बसस्टॉपवर पाहिलंय. त्याला अर्धा कप चहा टाकून उठावं लागलं. कारण आधी ओळख आणि मग लग्न हा प्रकार आपल्या घरात चालणार नाही, हा सरदारभाईंचा नियम होता. (स्वतःचं लग्न ठरण्याआधी ते दर रविवारी छत्र्या दुरुस्त करायला रशिदाच्याच गल्लीत जात, पावसाळा असो वा नसो. पण तो धंदा झाला.)

हे पाचवं स्थळ गेलं तर मी तळेगावला बहिणीकडे जाऊन राहीन, असं रशिदाने या वेळी सांगून टाकलं होतं. रशिदा बोलते ते करते आणि सरदारभाईंना अंडंसुद्धा उकडता येत नाही. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, की प्रश्न एकच विचारायचा. एका प्रश्नाने कुणाचं काय बिघडतंय?

स्थळ आणलं होतं हौशीरामने. हौशीराम तिकोणा पेठेचा, भाताचा शेतकरी. लोणावळ्याच्या बाजारात सरदारभाईंचं ताडपत्र्या आणि रेनकोटचं दुकान, दुकानावर घर; तिथे तो गेली तीस वर्षं ताडपत्री न्यायला येतो आणि ताडपत्री न घेता जेवून जातो. त्याची थोरली मुलगी वराळ्याला दिलीय. तिच्या शेजारच्या नूरबी नावाच्या विधवा बाईंचा मुलगा नवाज पुण्यात कंपनीत कामाला आहे, एवढीच त्याची माहिती होती.

रविवारी दुपारी चार वाजता हौशीराम नवाज आणि नूरबींना घेऊन आला. मुलगा उंच, शांत, मान खाली. सरदारभाईंना तो बरा वाटला. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ते पाणी पिऊन जरासे खाकरले, तेव्हा हा मुलगा बसल्या जागी चार बोटं उडाला. भित्रा दिसतोय, असं त्यांनी मनात नोंदवलं आणि राखून ठेवलेला प्रश्न काढला. कंपनीत नेमकं काय करता?

नवाजने आईकडे बघितलं, मग म्हणाला, की आमची कंपनी जुने व्हिडिओ गेम नव्याने बनवते. त्यातले शत्रू पूर्वी साधे असत, आता लोकांना त्यांची भीती वाटत नाही. तर ते शत्रू अधिक भयानक करणं, हे माझं काम.

"म्हणजे तुम्ही भीती वाढवता," सरदारभाई म्हणाले.

"हो, चाचा."

"आणि त्याचा पगार मिळतो?"

हा दुसरा प्रश्न झाला. आतून रशिदाने पातेलं जरा जोरात ठेवलं. पण सरदारभाई आता थांबणार नव्हते, कारण मुलाने त्यांच्या दुखऱ्या नसेवर नव्हे, चांगल्या फुगलेल्या नसेवर बोट ठेवलं होतं. लहानपणी बाजारात व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं आणि तिथे एका नाण्यात अख्खा किल्ला जिंकणारा सरदार हा लोणावळ्यातला एकमेव मुलगा होता. (असं त्यांचं म्हणणं. ते दुकान आणि साक्षीदार, दोन्ही आता नाहीत.) त्या किल्ल्याच्या दारात एक पिवळा चौकोन डावीकडून उजवीकडे जायचा. त्याला दोन ठिपके म्हणजे डोळे. मुलं त्याला पिवळ्या म्हणत. हा पिवळ्या आपण किती वेळा मारला, हे सरदारभाईंनी घरात इतक्यांदा सांगितलं होतं, की शहिस्ताला पाढ्यांच्या आधी ते पाठ झालं होतं.

आणि नवाज सध्या ज्या गेमवर काम करत होता, तो नेमका हाच निघाला. नमुना त्याच्या बॅगेत होता.

"लावा," सरदारभाई म्हणाले. "बघू तुमचा पिवळ्या."

नवाजने नको नको म्हणून पाहिलं. त्याचा चेहरा एकदम उतरला. शहिस्ता चहाचा ट्रे घेऊन आली होती, तीही म्हणाली, की अब्बा, पाहुण्यांना आधी खाऊ द्या. सरदारभाईंना वाटलं, आपण हरू म्हणून पोरगी काळजी करतेय. त्यांना भरून आलं. त्यांनी स्वतः उठून टीव्ही लावला, पडदे ओढले आणि तो बटणांचा ठोकळा हातात घेऊन लढवय्यासारखे मांडी ठोकून बसले.

पडद्यावर किल्ला आला. अंधारा, ओला, खराखुरा. सरदारभाई दारातून आत शिरले. पिवळ्या कुठेच नव्हता.

मग वरच्या पायऱ्यांवर सपातांचा आवाज आला. चट. चट. चट. कुणीतरी घाई न करता उतरत होतं. सरदारभाईंच्या मानेवरचे केस उभे राहिले. असा आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. पावलं थांबली, आणि भिंतीपलीकडे, अगदी कानाशी, कुणीतरी खोल, दोन टप्प्यांत खोकलं.

त्याच क्षणी घरात तीन गोष्टी घडल्या. स्वयंपाकघराच्या दारात रशिदाने ओढणी डोक्यावर घेतली आणि हातातला मोबाइल डब्यामागे सरकवला. शहिस्ता कोचावर रेलून बसली होती ती ताठ झाली. हौशीरामने तळहातावरची तंबाखू झटकन खिशात टाकली, चुन्यासकट.

सरदारभाईंना यातलं काही दिसलं नाही. त्यांच्यासमोर दाराच्या फटीत दोन डोळे उगवले होते. हातातला ठोकळा आपोआप थरथरू लागला. सरदारभाईंनी तो विंचू असावा तसा भिरकावला. तो गाजराच्या हलव्यात जाऊन पडला आणि तिथेही थरथरत राहिला. ते स्वतः कोचावर चढले. काहीतरी घट्ट धरावं म्हणून त्यांनी जे हाती आलं ते छातीशी कवटाळलं. ती नूरबींची पर्स होती. पर्सचा पट्टा नूरबींच्या खांद्यात असल्यामुळे नूरबीही थोड्या आल्या.

नवाजने धावत जाऊन गेम थांबवला. आणि हौशीराम, जो इतका वेळ टीव्हीकडे नव्हे तर जिन्याच्या दाराकडे बघत होता, विचारात पडून म्हणाला,

"सरदारभाऊ, तुमी तर हितं बसलाय. मग जिन्यात कोन खोकलं?"

सरदारभाई म्हणाले, जिन्यात कोणी नाही, टीव्हीत खोकलं. हौशीराम म्हणाला, "न्हाई वो. तीस वरीस ऐकतोय म्या. त्यो खोकला तुमचाच हाय."

सरदारभाईंनी बायकोकडे बघितलं. रशिदा पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता. त्यांनी पर्स नूरबींना परत दिली, खाली उतरले आणि नवाजला विचारलं, की माझा खोकला तुमच्याकडे कसा आला?

नवाजने शहिस्ताकडे बघितलं. शहिस्ताच पुढे झाली.

"मी पाठवला नाही, अब्बा. तो आपोआप गेला. मी गॅलरीत याला निरोप रेकॉर्ड करायची आणि तुम्ही जिना चढायला लागायचात. प्रत्येक निरोपाच्या शेवटी तुम्ही आहात."

"किती निरोप?"

"दोन वर्षांचे."

सरदारभाई मटकन बसले. दोन वर्षं. म्हणजे ओळख होती. म्हणजे हौशीरामच्या कानावर हे स्थळ कोणीतरी घातलं होतं, आणि ते कोणीतरी अजून पंख्याकडे बघत होतं. त्यांचा नियम त्यांच्याच घरात, त्यांच्याच डोक्यावर दोन वर्षं मोडला जात होता. नूरबींनी मुलाला चल म्हणून खूण केली. नवाज बॅग भरू लागला. शहिस्ता त्याच्याकडे बघत नव्हती. ती वडिलांकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सरदारभाई नाही म्हणायला उठले. सवयीने आधी खाकरले. आणि पाचही माणसं एकदम दचकलेली त्यांना दिसली. पाहुणीबाईसुद्धा.

मघाशी कोचावर चढताना पोटात जो गोळा आला होता, तो त्यांना आठवला. या घरात आपण वर येतो तेव्हा सगळ्यांच्या पोटात तो येतो, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. ते रोज संध्याकाळी वर यायचे आणि घर कसं शांत, वळणाचं आहे म्हणून खूश व्हायचे. त्यांना फार वाईट वाटलं.

"शहिस्ता," ते हळू आवाजात म्हणाले, "दोन वर्षं हे ऐकत होतीस?"

"दोन वर्षं हा ऐकतोय," ती म्हणाली. "मी चोवीस वर्षं."

सरदारभाईंनी हलव्यातला ठोकळा काढून रुमालाने पुसला. मग नूरबींना म्हणाले, की बसा, चहा गार झालाय, दुसरा टाकायला सांगतो. मुलगा कामात पक्का आहे, एवढं तर मी स्वतः पाहिलं. मला हे स्थळ पसंत आहे.

रशिदा आत जाऊन रडली आणि मग चहात साखर दोनदा घातली. नूरबींनी पर्स दुसऱ्या खांद्याला अडकवून होकार दिला. हौशीरामने, आपणच हे जमवलं म्हणून, खिशातली तंबाखू उघडपणे बाहेर काढली.

निघताना सरदारभाई नवाजला सोडायला जिन्यापर्यंत गेले. अनवाणी. तिथे त्याला बाजूला घेऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी समजावलं, की झालं ते झालं, पिवळ्या माझ्या आवाजात राहू दे. पण तो खोकला तुम्ही लोकांनी जरा जास्तच वाढवलाय, तेवढा कमी करून टाका.

नवाज घुटमळला. पण आता घरचाच झाला होता, खोटं कसं बोलणार?

"कमी केलेलाच आहे, चाचा," तो म्हणाला. "आधी जसाच्या तसा घातला होता. साहेब म्हणाले, निम्मा करा. इतका भयानक माणूस खरा वाटत नाही."