समिधाच्या अडचणी

दर रविवारी सकाळी दहा वाजता मी शेजारच्या घरी खोकायला जायचो. मला खोकला नव्हता. समिधाला तो हवा होता.

आम्ही पिपरीत राहतो, भिंतीला भिंत लागून. समिधा बारावीत. गणितात इतकी हुशार, की शिकवणीचे सरच अडले की तिच्या हाती खडू देत. इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा दोन महिन्यांवर आली, तेव्हा बाकीची पोरं गणितं सोडवत होती आणि ही बाई अडचणी गोळा करत होती.

"काकाजी, गणित झालं माह्यं. आता बाकीची तयारी," ती म्हणाली.

"बाकीची म्हणजे?"

"मांगच्या बाकावरचा पोरगा खोकून राह्यला तर? खुर्ची डुगडुगली तर? तिथं जाऊन काऊन घाबरायचं? इथंच घाबरून घेतो."

खोकला माझ्या वाट्याला आला. माझा पहिला प्रयत्न तिनं नापास केला. "हे तर ऑफिसातलं खोकणं झालं, काकाजी. पोरायचा खोकला कोरडा राह्यते." मग मी कचेरीत सराव केला. साहेबांनी मला दोन दिवस सक्तीनं घरी पाठवलं.

माझ्या बायकोनं समिधाच्या टेबलाशी मिक्सर लावून शेंगदाण्याची चटणी वाटायची. दोन महिने आमच्याकडे दोन्ही वेळा तीच. आंजीहून भाजी आणणाऱ्या सुमनबाईंनी खिडकीशी उभं राहून बायकोशी वांग्यांच्या भावावरून खोटंखोटं भांडायचं. सुमनबाई मनापासून काम करणाऱ्या. तिसऱ्या रविवारी खरंच रागावल्या आणि त्यांनी आम्हाला कोथिंबीर देणंच बंद केलं.

या गोंगाटात सोडवलेल्या सराव पेपरांत समिधाचे गुण मात्र हलेनात. ती ओले मोजे घालून बसली. चष्म्याची काच फुटली तर काय, म्हणून एक डोळा मिटून बसली. पैकीच्या पैकी! एकदाच एक उत्तर चुकलं, तर केवढी खूश. "आज जबरदस्त खोकलात, काकाजी!"

परीक्षा दुपारची होती. समिधाचे वडील नोकरीसाठी रायपूरला, आई दवाखान्यात नर्स. त्या दिवशी तिला सुटी मिळाली नाही. मीच स्कूटरवर घेऊन गेलो. तीन तास फाटकासमोर उभा राहिलो. समिधा बाहेर आली ती पांढरीफटक.

"काय झालं? कोणी खोकलं का?"

"कोणीच नाई! एसी होता. खुर्ची गादीची. इतकं शांत, की मले माह्याच पोटातली गुडगुड ऐकू येत होती. पहिले दहा मिनिटं काही सुधरलंच नाई, काकाजी."

"मग?"

"मंग डोळे मिटले. म्हटलं, आपण घरीच बसलो आहो. घरी असंच तर राह्यते नं. रविवार सोडून."

हे तिनं अगदी सहज सांगितलं, पेपर कसा सोडवला ते सांगावं तसं. मी किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. दोन वर्षं ही पोर भिंतीपलीकडे दिवसभर एकटी असते, हे मला ठाऊक होतं. पण हुशार मुलीला शांतता लागते, असं आम्ही धरून चाललो होतो. आवाज नको म्हणून रेडिओसुद्धा बारीक ठेवायचो.

"जायचं घरी?"

"आई आठ वाजता येते," ती म्हणाली.

निकाल पुढे लागला. गणितात तिची एकही चूक नव्हती. पण परीक्षेच्या त्या संध्याकाळी मी तिला सरळ आमच्याकडे आणलं. बायकोनं गरम पातोडीची भाजी वाढली. जेवून ती दिवाणावर टेकली आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागला. बायको फोनवर बहिणीला जावेचं गाऱ्हाणं सांगत होती. पोर झोपलेली पाहून तिनं आवाज खाली आणला, मग फोनच ठेवला.

"बोला नं, काकू," समिधा डोळे न उघडता म्हणाली. "थांबू नका."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोन लावला आणि तेच गाऱ्हाणं बहिणीला पहिल्यापासून सांगायला घेतलं.