कृष्णाऊंच्या पोटाची आणि उठलेल्या पंगतीची हकीकत

श्रीकुलदेवता साक्ष. जे घडले ते सांगावे, न घडले ते सांगू नये, आणि सांगणाराचे नाव कोणी विचारू नये. शके सोळाशे बावन्न, साधारण नाम संवत्सर, ते समयी डोंगराळ मुलखात एक राज्य होते, नाव घेण्याचे प्रयोजन नाही. राजे मोहिमेत कैलासवासी जाहले आणि राज्याचा भार राणी उमाऊसाहेब यांजवर पडिला, पोटी एकच कन्या कृष्णाऊ, वय सात वर्षे, तीच गादीची धनीण. राज्याची चाल ऐसी की सणाची पंगत बसली म्हणजे गादीच्या धन्याने गव्हाच्या खिरीचा पहिला घास घ्यावा आणि मग शंभर पानांनी जेवावे. कृष्णाऊ घास घेई, आणि मग प्रहर लोटतो न लोटतो तो पोट धरून गडबडा लोळे, पोट फुगून टम्म होई, ढाळ लागत, आणि हाती येईल ते फेकी, जवळ जाईल त्यास चावे. एकदा दिवाण बहिरोपंत यांची पगडी हौदात टाकिली. पंतांनी ते मनात धरिले.

मग दरबारात कुजबुज उठली. कोणी म्हणे पोर द्वाड, कोणी म्हणे बाहेरची बाधा, आणि उपायांस काय तोटा! वैद्यराज आले, त्यांनी औषध कडू म्हणून कणकेच्या गोळीत घालून दिले. मांत्रिक आला, त्याने देवीस शिऱ्याचा नवस बोलविला आणि वाटीभर प्रसाद मुलीसच चारविला. अशक्तपणा दिसतो म्हणून मुदपाकखान्यातून तुपातली लापशी रोज येऊ लागली. शहाणे पुष्कळ जमले, परंतु पोर वाळून काडी जाहली आणि चावे ती चावेच. तेव्हा पंत बोलिले, "बाईसाहेब, धनीण वेडी असा बोभाटा शत्रूच्या कानी गेला तर राज्य राहात नाही. मुलीस बालेकिल्ल्यावर ठेवावे. दसऱ्याच्या पंगतीत नीट बसली तर ठीक, न बसली तर दत्तक घेऊ. तोवर आपणही वर जाऊ नये, लाडाने बिघडते." राणीसाहेबांनी कबूल केले. दुसरे काय करणार? वाड्यात माणसे खंडीभर, आणि मन मोकळे करावे असे एक नाही. मग रोज तिन्हीसांजेस सज्जात उभ्या राहात आणि बालेकिल्ल्यावरचा चुलीचा धूर पाहात. धूर दिसला म्हणजे पोर जेवली, एवढेच कळे.

दसरा जवळ आला आणि उमाऊसाहेबांस राहवेना, पंतांस न पुसता गड चढल्या. पाहातात तो कृष्णाऊ दाई तान्हाईजवळ सागरगोटे खेळते आहे, गाल भरले आहेत. म्हणाली, "आऊ, मी आता कोणाला चावत नाही." आईने तिला पोटाशी धरिले. मग पदराखालून सांज्याच्या पोळ्या काढिल्या, स्वहस्ते केलेल्या, आणि लेकीने दोन आवडीने खाल्ल्या. दिवस कलतो तो पोर पोट धरून लोळू लागली, आणि तांब्या फेकिला तो आईच्या कपाळी लागला. मग कोपऱ्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "आऊ, पंतांना सांगू नकोस. मी वाईट नाही गं, पोटात काहीतरी वाईट आहे."

तान्हाई बोलिली, "बाईसाहेब, वर आल्यापासून असं आज पहिल्यांदाच." राणीसाहेबांनी विचारिले, "इथे खाते तरी काय?" "नाचणीची भाकरी, वरीचा भात, ताक. गहू इतक्या उंच कोण आणतो?" राणीसाहेबांनी उरलेल्या पोळीकडे पाहिले. ज्या हाताने लेकीस भरविले तोच हात तिला छळीत होता. तरी खातरजमा पाहिजे म्हणून राहिल्या, पोर बरी होऊ दिली आणि मग पोळीचा एवढासा तुकडा पुन्हा दिला. दुखणे पुन्हा आले, आणि संशय फिटला.

मग दसऱ्यास लेकीस घेऊन खाली आल्या. पंगत बसली, पंतांनी खिरीचे पात्र पुढे केले. राणीसाहेब बोलिल्या, "गव्हाने हिचे पोट बिघडते, आणि पोटाने डोके. पहिला घास भाकरीचा होईल." पंत म्हणाले, "पिढ्यांची चाल आहे, बाईसाहेब. खीर नाही तर आमचा धनी नाही." "दत्तकाचा कागद मी करून देणार नाही, आणि खीरही हिला देणार नाही. आपली मर्जी." कृष्णाऊंनी भाकरीचा तुकडा मोडून तोंडी घातला. पंत उठले. मग त्यांची ओळ उठली, मग समोरची, आणि ज्यांच्या घरची बाळंतपणे राणीसाहेबांनी काढिली तेही मान खाली घालून उठले. शंभर पाने वाढलेली आणि जेवणार दोघी. कृष्णाऊंनी हळूच विचारिले, "आऊ, आज मी काहीच फेकलं नाही. मग सगळे का उठले?" आईने भाकरी ताकात कुस्करून दिली आणि म्हणाल्या, "जेव, बाळ."

येणेप्रमाणे गादी राहिली आणि पंगत मोडली. त्या दिवशी कृष्णाऊंचे पोट दुखले नाही. हे आनंदाने जाऊन सांगावे असे उमाऊसाहेबांस कोणी उरले नव्हते, सबब येथे लिहून ठेविले.